महिन्याचा विषय : पिवळा

२०१७ साली ‘विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स’ या छायाचित्र स्पर्धेला पन्नासहून अधिक देशांतून जवळपास अडीच लाख फोटो आले. विषय होता वारसावास्तू. जगभरातल्या किल्ल्यांना आणि राजवाड्यांना मागे टाकून पहिला नंबर पटकावला तो पुणे जिल्ह्यातल्या जेजुरीने. फोटो खंडोबाच्या देवळाचा, पण बघणाऱ्याची नजर आधी खिळते ती उधळलेल्या भंडाऱ्यावर. वास्तूचा फोटो म्हटला की भल्या पहाटे जायचं, माणसं यायच्या आत कोन साधायचा आणि रिकाम्या दगडाची रेघ न् रेघ टिपायची, असा बहुतेकांचा खाक्या असतो. जेजुरीचा फोटो नेमका गर्दीच्या बाजूने आला. शेकडो वर्षांचं देऊळ आजही रोजच्या वापरात आहे, हे त्यात एका नजरेत कळतं.

ही स्पर्धा २०१० साली नेदरलँड्समध्ये सुरू झाली. पुढच्याच वर्षी ती युरोपभर पसरली आणि एक लाख अडुसष्ट हजारांवर फोटोंमुळे गिनेस बुकात गेली. भारत २०१२ साली पहिल्यांदा उतरला आणि त्याच वर्षी दिल्लीच्या सफदरजंग मकबऱ्याच्या फोटोने जागतिक पहिलं बक्षीस आणलं. स्पर्धेची एक अट मात्र अनेकांना सुरुवातीला खटकते. पाठवलेला प्रत्येक फोटो मुक्त परवान्याखाली द्यावा लागतो, म्हणजे फोटोग्राफरचं नाव देऊन तो कुणालाही वापरता येतो. हरलेला फोटोही मग वाया जात नाही. तो एखाद्या लेखात, पाठ्यपुस्तकात, कुणाच्या तरी प्रबंधात जाऊन बसतो.

जेजुरी जिल्ह्याच्या दक्षिणेला. उत्तरेला आंबेगाव तालुक्यात, मंचरच्या पूर्वेकडे, निरगुडसर आहे. घोड नदीच्या खोऱ्यातला हा भाग डिंभे धरणानंतर बागायती झाला. ऊस, कांदा, तरकारी, गोठ्यात गाई आणि हंगामात साखर कारखान्याकडे रांगेने निघालेले ट्रॅक्टर. कॅमेरे गळ्यात अडकवून पुण्या-मुंबईची मंडळी मुद्दाम इथे येत नाहीत. त्यांच्या वाटा ठरलेल्या आहेत : शिवनेरी, लेण्याद्री, नाणेघाट, पावसाळ्यात माळशेज, नाहीतर भीमाशंकर. शिवनेरी तर २०२५ च्या जुलैमध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, म्हणजे तिथली गर्दी आता वाढणारच. मग निरगुडसरमध्ये राहून फोटोचा नाद जपणाऱ्याने करायचं काय?

इथे विषयवार आव्हानं कामाला येतात. दर आठवड्याला किंवा महिन्याला एक विषय जाहीर होतो : ‘पिवळा’, ‘वर्तुळ’, ‘वेग’, ‘सावली’, ‘हात’. ठरलेल्या मुदतीत नवा फोटो काढायचा, मोजकेच पाठवायचे आणि मग सगळ्यांनी मिळून गुण द्यायचे. बक्षीस बहुतेक ठिकाणी नावापुरतं असतं. विकिमीडिया कॉमन्सवर असं मासिक आव्हान वर्षानुवर्षं चालू आहे. तिथे मतदार आपल्या आवडीच्या फोटोंना तीन, दोन आणि एक असे गुण देतात. शहरांतल्या फोटो क्लबांत हेच ‘मंथली असाइनमेंट’ या नावाने चालतं. विषय सुंदर असावा असं काही नाही. उलट विषय जितका साधा, तितकी पंचाईत जास्त.

‘पिवळा’ हाच घ्या. सप्टेंबर-ऑक्टोबरात या विषयाचं पहिलं उत्तर मळ्यातच उभं असतं, झेंडू. दसरा-दिवाळीच्या तोंडावर आंबेगाव-जुन्नरचा झेंडू क्रेट भरभरून पुण्याच्या मार्केट यार्डात जातो. फोटो काढायला सोपा वाटतो आणि हमखास फसतो. पिवळा रंग कॅमेऱ्यात लाल आणि हिरव्या प्रकाशाच्या बेरजेने बनतो. दुपारच्या उन्हात यातला लाल हिस्सा आधी काठोकाठ भरतो आणि पाकळ्यांच्या चुण्या पुसल्या जातात. उरतो तो नुसता पिवळा डाग. भोवतीची गर्द हिरवी पानं त्यात भर घालतात. कॅमेरा सगळ्या चौकटीची सरासरी काढतो, पानांना उजेड देऊ बघतो आणि फूल फुटतं. उपाय साधा आहे. मोबाइलवर फुलावर बोट टेकवायचं आणि उजेडाची पट्टी थोडी खाली ओढायची. कॅमेऱ्यात एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप कमी करायचं. त्याहून बरं म्हणजे ऊन चढायच्या आत, दव असताना मळ्यात जायचं. पानं काळपट येतील, येऊ द्यावीत.

पण झेंडू सगळेच पाठवणार. परीक्षकापुढे पिवळी फुलं, पिवळी टॅक्सी, लिंबू आणि अंड्याचा बलक यांचा ढीग पडतो. दुसरं उत्तर जरा लांब असतं : धामणीच्या खंडोबाच्या यात्रेतला भंडारा, हळद लावून बसलेली नवरी, ओढ्यात चिखल उपसणारा जेसीबी, शाळेची बस. तिसरं उत्तर यायला आणखी आठवडा लागतो. महाराष्ट्रात १९९९ पासून शिधापत्रिका तीन रंगांच्या आहेत, पिवळी, केशरी आणि पांढरी. पिवळी दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाची. स्वस्त धान्याच्या दुकानापुढे रांगेत उभ्या असलेल्या म्हातारीच्या हातातली, घडीवर फाटलेली, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली पिवळी शिधापत्रिका. या फोटोत पिवळा रंग चौकटीच्या विसाव्या हिश्शाएवढाही नसेल, तरी तो महाराष्ट्राबाहेर कुणाला सुचणार नाही. अर्थात कार्डावरचं नाव, नंबर दिसता कामा नये आणि आजीला आधी विचारायला हवं.

विषय-आव्हानांचा खरा उपयोग इथे आहे. विषय काय टिपायचं ते फारसं सांगत नाही, काय सोडायचं ते सांगतो. एरवी फोटोग्राफर गावातून जाताना सगळंच बघतो, म्हणजे काहीच बघत नाही. ‘वर्तुळ’ विषय मिळाला की त्याला विहिरीचं कडं, उसाच्या कापलेल्या बुडख्याचा गोल, सायकलच्या दुकानात टांगलेल्या ट्यूबा, भाकरी आणि गोबरगॅसची टाकी एका ओळीत दिसू लागतात. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणींच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तबकड्याही याच यादीत येतात. जुन्नर तालुक्यातल्या शेतातून त्या रोज दिसतात, म्हणूनच गावकऱ्यांच्या फोटोंत त्या क्वचित असतात.

विषय ठरवून फोटो काढण्याची ही कल्पना काही इंटरनेटने आणलेली नाही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी. दोनच वर्षांत तिथल्या मंडळींनी ‘इंडियन अॅमॅचर्स फोटोग्राफिक अल्बम’ नावाचं मासिक प्रकाशन काढलं. अंकात छापील चित्रं नसत, खरेखुरे फोटो चिकटवलेले असत. त्यातला मोठा विषय होता पश्चिम भारतातली माणसं, त्यांचे वेश आणि व्यवसाय. आज ती पानं उलटताना माणसांपेक्षा नमुने मांडल्यासारखी वाटतात. कोण जातीचा, कोण धंद्याचा, एवढीच ओळख. विषय कोण ठरवतो यावर फोटोतला माणूस माणूस राहतो की मासला होतो, हे ठरतं. ही गोष्ट तेव्हाही खरी होती, आजही आहे.

पुढे १९३७ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया उभी राहिली आणि १९५० च्या दशकात देशभरच्या क्लबांचा महासंघ झाला. सलोन नावाची स्पर्धात्मक प्रदर्शनं, ॲक्सेप्टन्स, सर्टिफिकेट, नावामागे लावायच्या पदव्या, हे सगळं त्या परंपरेतलं. त्यात शिस्त आहे, चांगले गुरू भेटतात आणि एकाच साच्यातले फोटोही भरपूर निघतात. धुक्यातली बैलगाडी, सुरकुतलेला म्हातारा, बिडीचा धूर. सलोनच्या परीक्षकांनी या तिघांना काही वर्षं सक्तीची रजा द्यायला हरकत नाही.

एकट्याने खेळायचं आव्हानही असतं. न्यूयॉर्कमधल्या जेमी लिव्हिंगस्टनने ३१ मार्च १९७९ पासून रोज एक पोलरॉइड काढायचं ठरवलं. एक दिवस, एक फोटो, दुसरी संधी नाही. २५ ऑक्टोबर १९९७ रोजी कर्करोगाने त्याचा मृत्यू झाला, तोवर हा नेम चालला. त्यातले कित्येक फोटो अगदी सुमार आहेत. टेबलावरचं ताट, मित्राची पाठ. सलग बघताना मात्र एक अख्खा जन्म समोरून जातो. ‘वर्षभर रोज एक फोटो’ असं जे आव्हान आज हजारो लोक घेतात, त्याचा हा सगळ्यात कडक पूर्वज. बहुतेकांचं फेब्रुवारीत मोडतं.

आंबेगाव-जुन्नरमध्ये ‘वेग’ हा विषय दिला तर उत्तर एकच येणार : बैलगाडा. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये त्या सशर्त पुन्हा सुरू झाल्या आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. मधल्या सात वर्षांत शर्यतींचे घाट ओस पडले होते. मोबाइलचे कॅमेरे चांगले झाले तेही त्याच काळात. त्यामुळे परवानगी मिळताच प्रत्येक यात्रेत घाटाच्या दुतर्फा हजारो मोबाइल उंचावलेले दिसू लागले. प्रत्येकाचा फोटो तोच : उधळलेला फुफाटा, समोरून येणारे बैल, पुढे घोडी.

तंत्राच्या बाजूने बघितलं तर हा फोटो वेगाचा नसतोच. एक हजारांश सेकंदाचा शटर लावला की बैल हवेत थिजतो आणि वेग मरतो. वेग दाखवायचा तर शटर साठांश किंवा तिसांश सेकंदापर्यंत खाली आणून कॅमेरा बैलांच्या बरोबरीने, कमरेतून वळत फिरवावा लागतो. याला पॅनिंग म्हणतात. बैलाचं डोकं ठसठशीत येतं आणि मागची गर्दी रेघांमध्ये ओढली जाते. दहातले नऊ फोटो हलतात, दहावा साधतो. बारी, म्हणजे गाड्याची एक धाव, काही सेकंदांत संपते, पण बाऱ्या दिवसभर चालू असतात, त्यामुळे सरावाला तोटा नाही. उभं राहायचं मात्र बाजूला आणि कठड्याच्या मागे. घाटाच्या तोंडाशी फोटोसाठी आडवं जाणं म्हणजे जिवाशी खेळ.

याहून चतुर फोटो घाटाकडे पाठ करून मिळतो. बारी सुटली की प्रेक्षकांच्या माना एकाच झटक्यात डावीकडून उजवीकडे वळतात. टोप्या, फेटे, हातातली शेंगांची पुडी, खांद्यावरचं पोरगं, सगळं त्या दिशेने कलतं. बैल चौकटीत नसतानाही गाडा कुठे पोहोचला ते कळतं. निवेदकाचा फुगलेला गळा, घड्याळाच्या आकड्यावर खिळलेले डोळे, हेसुद्धा वेगाचेच फोटो.

नियम न वाचता फोटो पाठवणारे मात्र स्पर्धांत पहिले बाद होतात. ‘निसर्ग’ विभागाचीच गंमत बघा. आंतरराष्ट्रीय छायाचित्र संघटनांनी मान्य केलेल्या व्याख्येत पाळीव जनावरं निसर्गात मोडत नाहीत, लागवडीची आणि संकरित झाडंही नाहीत. म्हणजे बैल गेला, गाय गेली, झेंडू गेला, ऊसही गेला. निरगुडसरच्या शिवारातला दिसणारा बहुतेक हिरवा रंग या व्याख्येत बसत नाही! माणसाची खूणही सहसा चालत नाही. एक अपवाद असा : माणसाने बदललेल्या परिसराशी जो प्राणी जुळवून घेऊन राहतो, त्याच्या कथेत ती खूण चालते. गव्हाणी घुबडाचं उदाहरण अशा वेळी देतात. आंबेगावकर बिबट्याचं देतील.

जुन्नर वन विभागात बिबट्या उसात राहतो, मादी उसातच विते. तोडणी सुरू झाली की फडात बछडे सापडतात आणि वन खातं त्यांना पुन्हा आईपाशी पोहोचवण्यासाठी त्याच जागी ठेवतं. नेमक्या त्याच वेळी मोबाइल पुढे येतात. बछड्याला हाताळून काढलेला फोटो कुठल्याही प्रतिष्ठित स्पर्धेत टिकत नाही आणि आई जवळपास असते ती वेगळीच. वन्यजीव छायाचित्रणात अशा प्रकरणांची किंमत मोठी आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत २००९ साली सर्वोच्च ठरलेला, फाटकावरून उडी घेणाऱ्या लांडग्याचा फोटो काही महिन्यांत बाद झाला. लांडगा पाळीव असल्याचा निष्कर्ष परीक्षकांनी काढला होता.

त्याच स्पर्धेत २०१६ साली ‘शहरी’ विभागात पहिले आले मुंबईचे नयन खानोलकर. त्यांच्या फोटोत रात्री आरे वसाहतीतल्या वारली पाड्याच्या बोळातून बिबट्या चालला आहे. कॅमेरा जागेवर लावून, बिबट्या आपल्या वाटेने येईल तेव्हाच शटर दाबलं जाईल अशी व्यवस्था करून, त्यांनी महिनोन्‌महिने वाट पाहिली. ना आमिष, ना पाठलाग. हाच फोटो ‘निसर्ग’ विभागात कदाचित वादात सापडला असता. ‘शहरी’ विषयात तो बोळ आणि तो पाडा हीच त्याची ताकद ठरली. उसातल्या बिबट्याची अशी गोष्ट सांगणारा फोटो कुणी जरूर काढावा, पण वन खात्याला विचारून आणि रात्री फडात न शिरता.

पावसाच्या तोंडावर आंबेगावला आणखी एक विषय आपोआप मिळतो : काजवे. मेच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत भीमाशंकरच्या जंगलात झाडं लुकलुकतात. २०२० साली पनवेलच्या ऐश्वर्या श्रीधर यांच्या काजव्यांच्या फोटोला वर सांगितलेल्या लंडनच्या स्पर्धेत गौरव मिळाला. तो भंडारदरा परिसरातला आहे. तेव्हापासून त्या फोटोची नक्कल करणारे बरेच झाले. काजव्यांची ही चमक मीलनासाठीची खूण असते. तिथे मोबाइलची बॅटरी लावली की नर-मादीचा संवाद तुटतो. ‘प्रकाश’ हा विषय असेल तर अंधार राखणं हा त्याचा पहिला नियम.

काही जणांच्या बाबतीत महिन्याचा विषय पुढे आयुष्याचा होतो. संदेश भंडारे यांनी तमाशाच्या फडांबरोबर फिरून केलेलं ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हे पुस्तक त्याचं ठळक उदाहरण. नारायणगाव निरगुडसरहून फार लांब नाही. यात्रांच्या सुपाऱ्या ठरवण्यासाठी तिथे तमाशा फडांच्या राहुट्या पडतात. रंगमंचावरचा फोटो कुणालाही मिळतो. राहुटीच्या आतला, चाळ सोडतानाचा, पोराला झोपवतानाचा फोटो मिळायला ओळख लागते आणि ओळखीला वेळ लागतो. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर वर्षानुवर्षं असंच काम केलं.

निरगुडसरच्या परिसरात अशा दीर्घ विषयाला जागा आहे. हंगाम सुरू झाला की ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, उघड्या माळावर त्यांच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, उभ्या राहतात आणि हंगाम संपला की माळ पुन्हा मोकळा. ‘घर’ हा विषय मिळाला तर कोपी हे अवघड उत्तर आहे. अवघड अशासाठी की कोपीला दार नसतं, म्हणून फोटोग्राफरला वाटतं आत डोकावायला परवानगी लागत नाही. लागते. पहिल्या दिवशी कॅमेरा पिशवीतच ठेवावा. दुसऱ्या खेपेला काढलेल्या फोटोची प्रिंट मंचरच्या स्टुडिओतून करून तिसऱ्या खेपेला नेऊन द्यावी. चौथ्या खेपेला चहा मिळतो आणि फोटोही.

फोटो काढून झाला तरी निम्मं काम उरतं. शंभरातले नव्व्याण्णव टाकून द्यायचे असतात आणि स्वतःचा फोटो टाकणं फार जिवावर येतं. ज्या फोटोसाठी चिखलात गुडघाभर उतरावं लागलं, तो फोटोग्राफरला हमखास चांगला वाटतो. परीक्षकाला चिखल दिसत नाही. म्हणून निवड दोन दिवस थांबून करावी आणि छायाचित्रण न कळणाऱ्या एखाद्याला विषय न सांगता फोटो दाखवावा. त्याने विषय ओळखला तर फोटो पाठवण्याजोगा.

हक्कांचं कलम त्याआधी वाचावं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर भारतात फोटोवर फोटोग्राफरचा हक्क हयातभर आणि पुढे साठ वर्षं राहतो. काही स्पर्धा मात्र प्रवेशाबरोबरच सगळे हक्क कायमचे लिहून घेतात आणि मग तोच फोटो फुकटात कॅलेंडरवर झळकतो. विकीच्या स्पर्धेतला मुक्त परवाना वेगळा. तिथे मालकी फोटोग्राफरचीच राहते आणि नाव देणं बंधनकारक असतं.

गेल्या काही वर्षांत एक नवा घोळ झाला आहे. २०२३ मध्ये बोरिस एल्डागसेन या जर्मन कलावंताने कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेलं चित्र सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्सला पाठवलं, विभागात जिंकलं आणि स्पर्धा अशा चित्रांसाठी तयार आहेत का हेच बघायचं होतं म्हणून बक्षीस नाकारलं. पुढच्या वर्षी माइल्स ॲस्ट्रे यांनी डाव उलटवला. ‘१८३९ अवॉर्ड्स’च्या कृत्रिम चित्रांच्या विभागात त्यांनी फ्लेमिंगोचा खराखुरा फोटो पाठवला. मान पिसांत खुपसल्यामुळे त्या पक्ष्याला डोकंच नसल्यासारखं दिसत होतं. त्याला बक्षीस मिळालं आणि खरं कळताच तो बाद झाला. आता अनेक स्पर्धा अंतिम फेरीत मूळ रॉ फाइल मागतात. मोबाइलवर काढणाऱ्यानेही मूळ फोटो पुसू नये, सजवलेली प्रत वेगळी ठेवावी.

आणि ज्यांना एकदा तरी जागतिक स्पर्धेत उतरायचं आहे त्यांच्यासाठी जुन्नरच्या डोंगरांत काम पडून आहे. इथे दोनशेच्या वर लेणी कोरलेली आहेत, पण फोटो निघतात ते प्रामुख्याने लेण्याद्रीचे. जुन्नरच्या पश्चिमेला पाडळीजवळ तुळजा लेणी आहेत. तिथला चैत्य गोल आहे. मध्ये स्तूप, भोवती बारा अष्टकोनी खांब आणि वर घुमटासारखं छत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं. अशी रचना भारतात फार थोड्या ठिकाणी दिसते. आत उजेड कमी आणि पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय ट्रायपॉड लावता येत नाही. पण मोबाइल खांबांपासून लांब, जमिनीवरच्या दप्तराला टेकवून, टायमर लावून दोन सेकंदांचा फोटो काढता येतो. छताचा गोल आणि खांबांची रांग एका चौकटीत बसवायला मागे सरकायला जागा मिळत नाही, तेव्हा तीन-चार फोटो जोडून पॅनोरमा करावा लागतो. विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्सचा महिना सप्टेंबर, म्हणजे पावसाची उघडीप बघून जावं लागतं आणि वाट निसरडी असते.